पॅरामेडिकल कोर्सला प्रवेश घेताय? आधी मान्यतेचा कागद मागा

दहावी-बारावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीत आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजच्या नाक्यांवर पॅरामेडिकल कोर्सचे बॅनर झळकतात. डीएमएलटी, एक्स-रे, डायलिसिस, ओटी टेक्निशियन. खाली 'शंभर टक्के नोकरी' हे ठरलेलंच. कोर्स वाईट नाहीत. दवाखान्यांना ही माणसं लागतात. प्रश्न असतो तो संस्थेचा.

'आम्ही सरकारमान्य' एवढ्यावर थांबू नका. कोणाची मान्यता, ते विचारा. कर्नाटकात डिप्लोमासाठी बेंगळुरूचं पॅरामेडिकल बोर्ड आहे. डिग्रीसाठी राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादं अभिमत विद्यापीठ. महाराष्ट्रात डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, तर नोंदणीसाठी महाराष्ट्र परावैद्यक परिषद. आयएसओ सर्टिफिकेट किंवा सोसायटीची नोंदणी म्हणजे कोर्सची मान्यता नव्हे. भिंतीवर फ्रेम करून मात्र नेमकं तेच लावलेलं असतं. आणि संस्थेच्या एका कोर्सला मान्यता असली म्हणून दुसऱ्याला असेलच असं नाही.

आपल्या भागातल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. शिक्षण बेळगावात, नोकरी कोल्हापूर, पुणे किंवा गोव्यात. त्यामुळे जिथं नोकरी करायची त्या राज्याच्या परिषदेला ही पदविका चालते का, हे प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्यावं. संस्थेच्या क्लार्कचं 'चालतंय हो' इथं कामाला येत नाही.

आता तासांचा हिशेब. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार या क्षेत्रातली पदविका किंवा पदवी किमान २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत विभागलेली हवी. शनिवार-रविवार रोज सहा तास वर्ग घेतले, एकही सुट्टी दिली नाही, तरी वर्षाला ६२४ तास होतात. दोन वर्षांचे १२४८. म्हणजे वीकेंड बॅच कायद्याच्या जवळपासही जात नाही. सहा महिन्यांच्या कोर्सचं तर बोलायलाच नको.

प्रॅक्टिकल कुठं, हा यातला सगळ्यात मोठा प्रश्न. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल नसेल तर कोणत्या हॉस्पिटलशी करार आहे ते बघा, आणि एक दिवस तिथं जाऊनच या. मुलं खरंच सॅम्पल हाताळतात की फायली उचलतात, ते दहा मिनिटांत कळतं. एक्स-रेच्या मुलांना किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज मिळतो का, तेही बघा. नसेल तर मुलाच्या तब्येतीचाच प्रश्न आहे.

'डीएमएलटी करा, स्वतःची लॅब टाका' हे आमिषही जपून घ्या. पॅथॉलॉजी रिपोर्टवर पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टचीच सही चालते, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. टेक्निशियन तपासणी करतो, सही डॉक्टरची.

फीचं म्हणाल तर, आम्ही कॉमर्सवाले आधी बेरीज करतो. समजा वर्षाला ५० हजार. त्यावर परीक्षा फी, युनिफॉर्म, बसपास किंवा हॉस्टेल, इंटर्नशिपचे पैसे. पूर्ण आकडा लेखी घ्या, प्रत्येक रकमेची पावती घ्या. मग मागच्या बॅचमधल्या तीन-चार मुलांचे नंबर मागा आणि कुठं, किती पगारावर आहेत ते त्यांनाच विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर दहावी-बारावीची मूळ मार्कलिस्ट त्या ऑफिसात ठेवून येऊ नका.