धुरावरून अग्नी

चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते. म्हणून त्याच्या फोडी पाण्यात टाकतात. हे काळेपण कोठून येते? चिरताना पेशी फुटतात आणि त्यांतील काही द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. हा संयोग घडवून आणणारे द्रव्य वांग्यातच असते. स्वतः खर्ची न पडता सजीवांतील रासायनिक क्रियांना वेग देणाऱ्या अशा द्रव्यांना ‘विकरे’ म्हणतात.

वनस्पतीचा रस काढून तिच्यात अमुक विकर आहे किंवा नाही, हे सांगता येते. परंतु ते नेमक्या कोणत्या पेशीत आहे, हे रसावरून कळत नाही. घर पाडल्यावर देवघर कोठे होते, हे ढिगाऱ्यात कसे सापडावे? बरे, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही विकराचा रेणू दिसत नाही.

या अडचणीतून 1939 साली मार्ग निघाला. अमेरिकेत जॉर्ज गोमोरी व जपानमध्ये ताकामात्सू यांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती शोधली. डोंगरावर धूर दिसला, की तेथे अग्नी आहे असे आपण ओळखतो. त्याचप्रमाणे विकर दिसत नसले, तरी त्याचे कार्य दिसेल असे करावे, ही ती युक्ती होय. त्यांचे प्रयोग प्राण्यांच्या ऊतींवर होते. पुढे वनस्पतींच्या ऊतींसाठीही ही रीत वापरात आली.

कांद्याच्या मुळाच्या टोकाचा अतिशय पातळ छेद घेतात. फॉस्फेटयुक्त संयुग व शिशाचा क्षार ज्यात आहे, अशा आम्लधर्मी द्रावणात तो ठेवतात. छेदातील फॉस्फटेज नावाचे विकर संयुगातून फॉस्फेट मोकळे करते. त्या फॉस्फेटचा शिशाशी संयोग होऊन न विरघळणारा साका तेथेच बसतो. हा साका रंगहीन असतो. म्हणून छेद सल्फाइडच्या द्रावणात बुडवितात. तेव्हा साक्याचे काळपट तपकिरी शिसे-सल्फाइड बनते आणि विकराचे ठिकाण सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते.

पण प्रत्येक काळा डाग खरा मानावा काय? धुके पाहून धूर समजणाराची फसगत होते! शिसे कधीकधी पेशीभित्तिकेला आपोआपच चिकटते. म्हणून दुसरा छेद आधी उकळून घेतात. उष्णतेने विकर निकामी होते. त्या छेदावरही तोच डाग उमटला, तर तो विकराचा नव्हे, हे उघड होते.

हा शोध केवळ कुतूहलाचा नाही. जमिनीतील पुष्कळसे फॉस्फरस सेंद्रिय संयुगांत अडकलेले असते. मुळांतील फॉस्फटेज ते सोडवून पिकाला मिळवून देते. हे काम मुळाच्या कोणत्या भागात चालते, हे त्या लहानशा काळ्या ठिपक्यांवरून कळते. मात्र जे दिसले त्यावर लगेच विश्वास न ठेवता ते पुन्हा पारखून पाहणाऱ्यालाच ते ठिपके खरे उत्तर देतात.