जोडीच्या मजुरीत हरवलेली स्त्री

कर्जत तालुक्यातील शेलू हे मध्य रेल्वेवरील वांगणी आणि नेरळ या स्थानकांमधले गाव. या पट्ट्यात भातकापणी आटोपली की वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो. भट्टीवर राबणारी अनेक कुटुंबे कातकरी समाजाची असतात. पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांत मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत काम करून ती फेडायची, असा हा क्रम आहे.

येथे मजुरी ठरते हजार विटांमागे, आणि तीही जोडीची. पतिपत्नी मिळून माती कालवतात, विटा थापतात, वाळवतात, रचतात. हिशेब मात्र बहुधा पुरुषाच्या नावे होतो. स्त्रीचे श्रम कोणी नाकारत नाही, परंतु ते वेगळे मोजलेही जात नाहीत. स्त्रियांच्या आरोग्याचा प्रश्न या नोंदीपासूनच सुरू होतो, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या काळात मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचा कायदा केला. १९६१ मध्ये देशव्यापी कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली. मात्र हा लाभ मिळण्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. भट्टीचा हंगाम त्याहून मोठा असतो. परंतु जिचे नाव हजेरीपटावर नाही, तिने ते दिवस सिद्ध कसे करावेत?

याचा परिणाम किती दूरवर जातो, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. ऊसतोडीतही पतिपत्नी मिळून एक 'कोयता' मानला जातो. एक दिवसाचा खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. मासिक पाळीचा त्रास, पाण्याची व शौचालयाची गैरसोय, जडलेला संसर्ग आणि बुडणारी मजुरी यांतून अनेक स्त्रियांनी कोवळ्या वयात गर्भाशय काढून टाकले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. निर्णय योग्यच होता. परंतु त्याने रुग्णालयाला शिस्त लावली. कोयत्याचा हिशेब तसाच राहिला. ज्या कारणाने स्त्री रुग्णालयात गेली, ते कारण फडात होते.

रजेच्या कायद्याबाहेर राहिलेल्या मातांसाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी गरोदरपणाची नोंद, तपासणी, बाळाच्या जन्माची नोंद आणि लसीकरण वेळेवर व्हावे लागते. कुटुंब भट्टीसाठी गाव सोडून गेले, की नोंद एकीकडे आणि माता दुसरीकडे अशी स्थिती होते. शिवाय ही रक्कम बुडालेल्या मजुरीच्या मानाने तोकडीच आहे.

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेविषयीचे आपले धोरण जाहीर केले. तेव्हा हा विषय आपल्या धर्मग्रामांनाही परका नाही. आपल्यापैकी कोणी भट्टी चालवतात, कोणी बांधकामाचे ठेके घेतात, कोणाच्या घरी मोलकरीण येते. हजेरीत स्त्रीचे नाव वेगळे लिहावे, तिची मजुरी तिच्याच हाती किंवा तिच्या बँक खात्यात द्यावी, कामाच्या जागी शौचालय व पिण्याचे पाणी असावे, आजारपणाच्या दिवसाचा दंड नसावा, आणि गरोदर स्त्रीची गाठ जवळच्या आशाताईंशी घालून द्यावी. यांतील बहुतेक गोष्टींसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वहीत एक ओळ वाढवली, तरी आरंभ होतो.