बाद फेरीत गुण राखणारी चढाई
बाद फेरीचा सामना बहुधा गुण मिळवणाऱ्यापेक्षा गुण न गमावणारा संघ जिंकतो. मार्च २०२४ मध्ये हैदराबादला झालेला प्रो कबड्डीचा अंतिम सामना पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. एवढी कमी गुणसंख्या म्हणजे भित्रा खेळ, असं कुणी म्हणेल. पण दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्यामुळे लपायला जागाच नसते. शहाणा चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, बचावाची साखळी कुठे सैल आहे ते हेरतो आणि परततो. पलटणच्या पंकज मोहितेने त्याच सामन्यात एका चढाईत चार गुण टिपले. संयम पाळल्यामुळेच असा क्षण हाती लागतो.

मग पंचांच्या निर्णयाचं काय? २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ वर अडला. भारताचा पवन सेहरावत कुणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला, इराणचे बचावपटूही मागोमाग तिथे शिरले. कोण बाद हे जुन्या नियमाने ठरवायचं की नव्या, यावरून खेळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. इथे दैवाला श्रेय देणं मला पटत नाही. बचावपटू रेषेच्या आत थांबले असते तर वादच उद्भवला नसता. छत्रपती संभाजीनगरच्या मैदानांवर घडणाऱ्या मुलांना पकडीइतकाच नियमांचाही सराव द्यायला हवा.