निस्सीम : एका नावाची दोन मुळे

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर कवीचे नाव लिहिले : निस्सीम इझिकेल. वर्गात लगेच कुजबुज सुरू झाली. मागच्या बाकावरून आवाज आला, "नसीम असेल, मुसलमान आहे." सोलापुरात नसीम नावाची माणसे गल्लोगल्ली भेटतात, तेव्हा हा तर्क अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. दुसऱ्या एकीने पारशी ठरवले. मला मात्र वाटले, यात विचारायचे काय आहे? निस्सीम भक्ती, निस्सीम प्रेम असे आपण म्हणतोच. आडनाव परके असले तरी नाव आपलेच आहे. सरांनी तिन्ही तर्क फेटाळले आणि सांगितले की, हे नाव हिब्रू आहे, कवी ज्यू होते आणि मुंबईचे होते. मग ते कविता शिकवू लागले. माझे लक्ष नावातच अडकून राहिले. त्या नावाच्या मागे लागून जे हाती आले ते येथे मांडते.

प्रथम आपला शब्द. 'निः' म्हणजे नसलेले आणि 'सीमा' म्हणजे हद्द. ज्याला हद्द नाही ते निःसीम. पुढे 'स' असल्यामुळे विसर्गाचाही 'स' होतो आणि 'निस्सीम' असे जोडाक्षर तयार होते. हिब्रू शब्दातही 'स' दुहेरीच आहे, पण त्याचे कारण निराळे. तेथे मूळ शब्द 'नेस' असा आहे. त्याच्या धातूतच 'स' दोनदा येतो. एकवचनात तो दबून राहतो आणि पुढे प्रत्यय लागला की वर येतो. 'ईम' हा हिब्रूतील पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून नेसचे अनेकवचन निस्सीम, अर्थ 'चमत्कार', एक नव्हे, अनेक. एका शब्दात सीमा नाही म्हणून सांगितले आहे, दुसऱ्यात चमत्कार मोजले आहेत. दोघांचे नाते काहीच नाही. दोन वेगळ्या गावांची माणसे एकाच चेहऱ्याची निघावीत, तसा हा प्रकार आहे.

नेसचा अर्थ पहिल्यापासून चमत्कार असा नव्हता, ही गोष्ट मला फार गमतीची वाटली. जुना अर्थ निशाण, झेंडा किंवा उंच खांब. वर्गातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने घरचे मराठी पवित्रशास्त्र आणून दिले. त्यातील निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात मोशे लढाईनंतर वेदी बांधतो आणि तिला 'परमेश्वर माझा झेंडा' अशा अर्थाचे नाव देतो. मूळ हिब्रूत तेथे 'निस्सी' हा शब्द आहे. गणना या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात रानात लोकांना साप चावतात, माणसे मरू लागतात. तेव्हा मोशे पितळेचा साप करून खांबावर उभारतो. दंश झालेल्या माणसाने त्याच्याकडे पाहिले की तो वाचे. हा खांब म्हणजेच नेस. खुणेसाठी उभारलेल्या वस्तूवरून पुढे ईश्वराची खूण आणि तीवरून चमत्कार, असा अर्थ सरकत गेला. बायबलनंतरच्या काळातील धर्मपंडितांच्या हिब्रूत चमत्कार हाच अर्थ रुळला. इस्राएलमध्ये नेस झिओना नावाचे गाव आहे, तेथे मात्र जुना झेंडाच शिल्लक आहे.

आता योगायोग पाहा. आम्हाला शिकवली ती कविता 'नाइट ऑफ द स्कॉर्पिअन', म्हणजे विंचू चावल्याच्या रात्रीची. आईला विंचू चावतो, शेजारपाजारचे लोक जमतात, मंत्रतंत्र होतात, वडील तर्कवादी असूनही हाताला येईल तो उपाय करून पाहतात आणि शेवटी आई वाचते. विष उतरवणाऱ्या खांबापासून ज्याचे नाव निघाले, त्याच कवीने ही कविता लिहावी! ती ज्या संग्रहात आहे त्याचे नावही 'द एक्झॅक्ट नेम' म्हणजे 'नेमके नाव' असे आहे. तो 1965 साली निघाला. कवीने हे जुळवून आणले असे माझे म्हणणे नाही. पण मला ते दिसल्यावर न लिहिता राहवले नाही.

बायबलमध्ये निस्सीम नावाचे एकही पात्र नाही. अब्राहाम, मोशे, दावीद ही नावे माणसांची आहेत, हे नाव प्रार्थनेतल्या शब्दाचे आहे. हनुक्का आणि पुरीम या सणांना ज्यू लोक देवाने पूर्वजांसाठी केलेल्या चमत्कारांबद्दल त्याचे आभार मानतात, त्या प्रार्थनेत हा शब्द येतो. हनुक्काला मुले जो चौकोनी भोवरा फिरवतात, त्यावरील चार अक्षरांपैकी 'गिमेल' मोठ्याचे आणि 'नून' हे नेसचे. या सणांच्या दिवसांत किंवा निसान महिन्यात झालेल्या मुलाचे नाव निस्सीम ठेवण्याची रीत आहे.

हे नाव सर्व ज्यूंत सारखे पसरले नाही. उत्तर आफ्रिका, स्पेन, तुर्कस्तान, बगदाद या बाजूच्या ज्यूंत ते चालले. पोलंड-जर्मनीकडच्या ज्यूंत ते क्वचितच आढळते. अकराव्या शतकात ट्युनिशियातील कैरुआन येथे निस्सीम बेन याकोब हे मोठे पंडित होऊन गेले, चौदाव्या शतकात स्पेनमध्ये निस्सीम ऑफ जेरोना. पॅरिसमध्ये निस्सीम द कामोन्दो या नावाचे संग्रहालय आहे. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या एका सावकार घराण्यातील हा मुलगा 1917 साली पहिल्या महायुद्धात विमानदलात मारला गेला. वडिलांनी आपला वाडा त्याच्या नावाने देऊन टाकला आणि 1936 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. चमत्कार असे नाव असलेल्या मुलावर तो काही झाला नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे नाव ज्या समाजात आले तो बेने इस्राएल समाज. त्यांच्या परंपरेप्रमाणे फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावावरून आडनावे पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर. 'बूट पॉलिश' या 1954 च्या चित्रपटातील जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड, यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते.

त्यांच्या नावांचे मराठीत काय झाले, हा भाग मला सर्वांत आवडला. अब्राहामचा अबाजी झाला, मोशेचा मूसाजी, शमुवेलचा समाजी आणि यहेझकेलचा हसाजी! मुंबईतील पहिले सिनेगॉग 1796 साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखले जात. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. सुटकेबद्दल त्यांनी देवाचे घर बांधले. त्या सिनेगॉगचे नाव 'शआर हारहमीम' म्हणजे दयेचे द्वार. 'रहमीम' हेही ईम-प्रत्ययाचेच रूप आणि आपल्याकडच्या रहीमशी त्याचे खरेखुरे नाते आहे, कारण हिब्रू आणि अरबी या बहिणी आहेत. पुढे मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, इंग्रजी आली, छापील हिब्रू पोथ्या आल्या. मग समाजीचा पुन्हा सॅम्युएल झाला आणि हसाजीचा इझिकेल. आमच्या कवीचा जन्म 1924 चा. तो दीडशे वर्षे आधी झाला असता तर सरांनी फळ्यावर 'निस्सीम हसाजी' असे लिहिले असते, आणि मग तो कोण कुठला, हे विचारायला कोणाचा हात वर झाला असता का?

निस्सीम इझिकेल यांचे वडील मोझेस मुंबईच्या विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत, आई शाळा चालवीत. निस्सीम यांना 1983 मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक व 1988 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर आपल्या इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर केले. 2004 मध्ये ते वारले. आता महाराष्ट्रात हे नाव ऐकू येईल ते अभ्यासक्रमातच. 1948 साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर बेने इस्राएलांपैकी बहुतेक तिकडे गेले. 2001 च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारही भरले नाहीत. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोवर कितीतरी फॉर्मांवर त्यांना 'इतर' या रकान्यात बसावे लागत असे. तिकडे इस्राएलमध्ये आजोबांच्या पिढीतले निस्सीम पुष्कळ आहेत. नव्या बाळांना आटोपशीर नावे देण्याकडे कल आहे, त्यात नुसते 'नेस' हेही चालते.

या नावाने मला इतके का धरून ठेवले, तेही सांगते. हजेरीच्या वेळी माझ्या नावापुढे वडिलांचे नाव येते तेव्हा वर्गात कोणीतरी हसतेच. माझ्या वडिलांचे नाव दगडू. आजीची पहिली दोन मुले गेली. तिसऱ्याला दृष्ट लागू नये, यमाचे लक्ष जाऊ नये, म्हणून हे नाव ठेवले. धोंडू, केरू, उकिरड्या ही सगळी त्याच जातीची नावे. सोलापुरात सिद्धेश्वराला नवस बोलून झालेले सिद्धराम पुष्कळ आहेत, पण आजीचा नवसावरचा विश्वास तोपर्यंत उडाला असावा. मूल जगले म्हणून काही लोक त्याला चमत्कार म्हणतात. काही जगावे म्हणून त्याला दगड म्हणतात. शाळेच्या दाखल्यात दोन्ही नावे सारखीच निळ्या शाईने लिहिली जातात.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सगळे आजीला सांगितले. ज्यू कोण, हिब्रू काय, हे तिला समजावताना माझी पुरेवाट झाली. विड्या वळता वळता ती ऐकत होती. नावाचा अर्थ चमत्कार असा होतो म्हटल्यावर तिचा हात थांबला. "पोराला असलं नाव ठेवत्यात व्हय तिकडं?" ती म्हणाली, "मग त्यांची बी आधीची गेली असतील."