फौज परत जाते, नोंद राहते

1540 साल. फ्रान्सिस्को वास्केस दे कोरोनाडो हा स्पॅनिश सरदार सोन्याच्या नगरांच्या शोधात आजच्या अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, रिओ ग्रांदेच्या काठी पोचला. तिथे तिवा लोकांची गावे होती. मातीची मजली घरे, कोठारांत मका. हिवाळा तोंडावर होता. स्पॅनिशांनी एक अख्खे गाव मुक्कामासाठी रिकामे करायला लावले. गावकऱ्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. मग आजूबाजूच्या गावांतून पांघरुणे गोळा केली गेली, काहींच्या तर अंगावरूनच ओढून घेतली. लोक उठले तेव्हा गावांना वेढे पडले, शरण आलेल्यांना जिवंत जाळले गेले. सोने काही मिळाले नाही. 1542 मध्ये कोरोनाडो हात हलवत परतला, पण 1598 मध्ये स्पॅनिश लोक वसाहत करायलाच आले.

ही गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या वणीपासून हजारो मैलांवरची असली, तरी सप्तशृंगीच्या पायथ्याच्या लोकांना ती परकी वाटू नये. वणीच्या पश्चिमेला पेठ आणि सुरगाण्याचे डोंगर सुरू होतात. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल यांचा हा मुलूख. इथेही बाहेरचे राज्य आले. इथला ताबा मात्र एका हिवाळ्यात झाला नाही. तो साठ वर्षे चालला.

किल्ल्यांपासून जंगलापर्यंत

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि नाशिकचे डोंगरी किल्ले एकामागून एक इंग्रजांच्या हाती पडले. किल्ल्यांच्या वाटांवर पिढ्यान्‌पिढ्या राखण करणाऱ्या कोळी-भिल्लांचे मान आणि हक्क किल्ल्यांबरोबरच ढासळू लागले.

त्याचा स्फोट 1857 मध्ये झाला. सिन्नरकडे भागोजी नाईकांच्या भिल्लांनी पोलीस अधिकारी हेन्री याला ठार केले. डिसेंबरात पेठ संस्थानातल्या हरसूलचा बाजार आदिवासींनी लुटला. संस्थानावर हक्क सांगणारे भगवंतराव ऊर्फ भाऊराजे यांना या बंडासाठी इंग्रजांनी फासावर चढवले. बंड मोडायला कॅप्टन नटॉलने महादेव कोळ्यांचीच पलटण उभी केली. डोंगर डोंगराशी लढवला. भागोजी नाईक 1859 मध्ये लढता लढता मारले गेले.

पण लोकांच्या जगण्यावर खरा घाव घातला तो 1878 सालाने. त्या वर्षी पेठच्या राजघराण्यातली बेगम वारली आणि संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले. त्याच वर्षी नवा वन कायदा झाला. सरकार एखादे जंगल राखीव करायचे ठरवी, तेव्हा जाहीरनामा काढून हक्क सांगायला किमान तीन महिन्यांची मुदत देई. लेखी सांगा किंवा अधिकाऱ्यासमोर हजर राहून सांगा. मुदतीत न सांगितलेला हक्क सहसा बुडालाच. ज्यांची जमीन आजोबांच्या आठवणीत आणि ओढ्याच्या खुणेत होती, त्यांनी अर्ज कुठे आणि कसा करायचा?

आपल्याच रानात माणूस कसा गुन्हेगार ठरला, हे समजायला राब पाहावा. नागली, वरई किंवा भाताची रोपे तयार करायची तर रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या आणि वर मातीचा थर पसरतात. पावसाआधी तो पेटवतात. तणाचे बी जळते, राख मातीत मिसळते आणि पहिल्या पावसात रोप जोमाने वर येते. त्यासाठी फांद्या लागतात, म्हणजे जंगल लागते. शेतकऱ्याच्या लेखी ही पेरणीची तयारी, वनखात्याच्या लेखी जंगलाचे नुकसान.

दाव्याची फाइल

स्वातंत्र्यानंतरही वनखात्याच्या हद्दी तशाच राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस सरकारदरबारी अतिक्रमणदारच होता. वनहक्क कायदा 2006 मध्ये झाला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसत असलेल्या आदिवासीला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीकडे, शेवटी जिल्हा समितीकडे. विशेष म्हणजे वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवलेला जबाबही इथे पुरावा धरला जातो. 1878 मध्ये जी आठवण कुचकामी ठरली, तिला कायद्याने अखेर किंमत दिली.

अंमलबजावणीत मात्र गाडी अडली. म्हणूनच मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून पायी मुंबईला गेले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी मोठ्या संख्येने होते. सहा महिन्यांत दावे निकाली काढू, असे लेखी आश्वासन सरकारने दिले. 2023 मध्ये पुन्हा मोर्चा निघाला, तो थेट दिंडोरीहून. पाच वर्षांनी त्याच मागणीसाठी पुन्हा चालावे लागते, यातच आश्वासनाची किंमत कळते.

दिंडोरी-वणीच्या द्राक्षबागांत हंगामाला सुरगाणा-पेठेची माणसे मजुरीला येतात. त्यांतल्या अनेकांचे डोंगरात शेत आहे, पण त्याचा कागद नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही, विहिरीची योजना नाही.

तलवारीने बसवलेला ताबा लोक लढून उठवू शकतात. नोंदीने बसवलेला ताबा नोंदीनेच उठतो. म्हणून प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावातले प्रलंबित दावे उघड वाचावेत, म्हाताऱ्यांचे जबाब ते हयात आहेत तोवर लिहून घ्यावेत. आणि समित्यांनी दावा फेटाळला तर कारण लेखी द्यावे. कसणाऱ्याला एवढे मिळणे ही मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे.