हवा नको, पंगत हवी!

करमाडहून जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते, पुढे चिकलठाणा, शहरापलीकडे वाळूज. बिअर असो, दूध असो की फळांचा रस, खाण्यापिण्याचं काही बनलं की साखर, स्टार्च, प्रथिनं मिसळलेलं सांडपाणी निघणारच. बंद टाकीत, हवेविना ते पचवणारे सूक्ष्मजीव भन्नाट आहेत!

एकट्याचं इथे काम नाही. पहिली टोळी स्टार्च-प्रथिनं तोडते, दुसरी त्यांची आम्लं करते, तिसरी त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन काढते, चौथी मिथेन बनवते. हायड्रोजन साचला तर तिसरी ठप्प. चौथी तो लगेच फस्त करते म्हणून तिसरी तगते. ही जोडी किती घट्ट? ‘मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ हा एकच जीव समजला जायचा. ते दोघे आहेत, हे 1967 मध्ये उलगडलं!

चौथी टोळी तर जीवाणूच नव्हे. तिचं घराणं वेगळं, ‘आर्किया’. हे 1977 मध्ये कार्ल वूझ यांनी दाखवलं. तिचे भाऊबंद गाईच्या पोटात राहतात. म्हणून तर नवी टाकी सुरू करायला शेणाचा काला चालतो, अगदी गोबरगॅससारखा.

मला सर्वांत आवडतात ते दाणे. चांगल्या चाललेल्या यूएएसबी (खालून वर पाणी चढवणाऱ्या, हवाविरहित) टाकीतला गाळ तळहातावर घ्या: मोहरीएवढे, काळे, गोल. एकेका दाण्यात अख्खी वस्ती! पाणी खालून वर चढतं, वजनदार दाणे वाहून न जाता तळाशी राहतात. ही टाकी नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा यांनी 1970 च्या दशकात घडवली.

जपायचं मात्र गुरांसारखं. एकदम जास्त चारलं की टाकी आंबते, कारण आम्ल करणारे तासांत वाढतात, मिथेनवाल्यांना दिवस लागतात. सामू 7 च्या आसपास हवा.

मोबदला? 1 किलो सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं, ती जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनमधलं माप) पचली की सुमारे 350 लिटर मिथेन. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी वसाहतीत 1897 मध्येच सांडपाण्याच्या टाक्यांतला असा गॅस गोळा करून त्यावर इंजिन चालवल्याची नोंद आहे.

शिवाय सांडपाणी म्हणजे शेवटी पाणीच, आणि इथे तेही तुटपुंजं. 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात केली होती. पाण्याची किंमत आपल्याला शिकवावी लागत नाही. शिक्षकांनो, पुढची विज्ञान सहल एखाद्या सांडपाणी प्रकल्पावर न्या आणि ते काळे दाणे मुलांना जवळून दाखवा.