निकालाआधीच आटोपलेला खेळ

नोव्हेंबर २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या कंपनीचा ‘एनसीएए बास्केटबॉल १०’ अमेरिकेतल्या दुकानांत आला. मुखपृष्ठावर ओक्लाहोमा विद्यापीठाचा ब्लेक ग्रिफिन होता. सामना सीबीएसच्या थाटात बघायचा की ईएसपीएनच्या, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. दोन्ही वाहिन्यांचे समालोचक, पाट्या आणि संगीत एकाच डिस्कवर दिलेलं होतं. तीन महिन्यांत कंपनीनं सांगून टाकलं, की पुढच्या भागावर काम चालू नाही. त्यानंतर घरगुती कन्सोलवर कॉलेज बास्केटबॉलचा स्वतंत्र मोठा गेम आलाच नाही.

हा गेम खेळाडूंनी लावलेल्या खटल्यांनी मारला, असं आज सर्रास सांगितलं जातं. तारखा मात्र वेगळं सांगतात.

सुरुवात १९९२ ची. सुपर निन्टेन्डोवर ‘एनसीएए बास्केटबॉल’ आला, तेव्हा चेंडू पुढे सरकला की अख्खं मैदान डोळ्यांसमोर फिरायचं. सपाट चित्रांच्या त्या काळात हे अप्रूप होतं. १९९५ मध्ये ईएनं सेगाच्या कन्सोलसाठी ड्यूक विद्यापीठाचे प्रशिक्षक माइक शिशेव्हस्की यांच्या नावानं ‘कोच के कॉलेज बास्केटबॉल’ काढला. प्रशिक्षकाचं नाव वेष्टनावर, खेळाडू बिननावाचे. हा रिवाज पुढे कायम राहिला, कारण विद्यार्थी खेळाडू हौशी मानले जात आणि त्यांच्या नावावर पैसा करण्याची मुभा कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या नियमांत कुणालाच नव्हती.

पुढची दहा वर्षं भरभराटीची. प्लेस्टेशनवर ईएची ‘मार्च मॅडनेस’ मालिका सुरू झाली. दरवर्षी मार्चमध्ये रंगणाऱ्या राष्ट्रीय बाद फेरीचं हे लाडकं नाव. एक सामना हरला की संघ घरी. सोनीच्या ९८९ स्पोर्ट्सचा ‘फायनल फोर’ होता आणि व्हिज्युअल कन्सेप्ट्सचा ‘कॉलेज हूप्स’ही. या तिघांत चाहत्यांच्या मनात घर केलं ते ‘कॉलेज हूप्स’नं, त्यातही नोव्हेंबर २००७ च्या ‘२के८’ या शेवटच्या भागानं.

त्याची गोडी ‘लेगसी’ या प्रकारात होती. खेळणारा प्रशिक्षक व्हायचा, बहुधा एखाद्या फाटक्या कॉलेजचा. हंगाम चालू असतानाच शाळकरी पोरांवर नजर ठेवायची, कुणाला फोन करायचा, कुणाच्या गावी जाऊन यायचं, हाताशी असलेला वेळ कुणावर खर्चायचा, हे सगळं जुळवायचं. उंच सेंटरच्या मागे लागावं, तर तो ऐनवेळी केंटकी विद्यापीठाला होकार देणार. चार वर्षांत तेच कॉलेज मार्चच्या मैदानात उतरलं, की रात्र रात्र जागल्याचं सार्थक.

यात एक गंमत होती. संगणकानं रचलेल्या पोरांना नाव, आडनाव, गाव सगळं असायचं. खऱ्या खेळाडूंच्या वाट्याला फक्त जागा आणि जर्सीचा आकडा. चाहते मग एकेक नाव हातानं भरत बसायचे. डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या गटात तीनशेहून जास्त संघ, तेव्हा हे काम किती किचकट असेल ते वेगळं सांगायला नको.

धंद्याच्या बाजूनं गणित अवघड होतं. एवढ्या संघांचे रंग, मैदानं, शुभंकर आणि परवाने जमवायचे, आणि गिऱ्हाईक तेच, जे वर्षाच्या वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगचाही गेम विकत घेणार. सोनीनं आधीच काढता पाय घेतला होता. २००८ च्या आरंभी ‘कॉलेज हूप्स’ काढणारी ‘२के’ कंपनीही बाहेर पडली आणि मैदान ईएला मोकळं मिळालं, पण प्रतिस्पर्धी गेला म्हणून विक्री वाढली नाही. खुद्द ईएचा व्यावसायिक बास्केटबॉलचा गेमही याच सुमारास ‘एनबीए २के’पुढे मागे पडत होता. २०१० मध्ये तर नव्या रूपातला ‘एनबीए एलिट ११’ बाजारात यायच्या तोंडावर कंपनीला गुंडाळावा लागला. कॉलेजच्या गेमचं काय होणार, हे त्यावरून कळावं.

खटले याच दिवसांत उभे राहिले. एड ओबॅनन यूसीएलए या विद्यापीठाचा डावखुरा फॉरवर्ड. १९९५ च्या अंतिम सामन्यात आर्कान्सासविरुद्ध त्यानं ३० गुण आणि १७ रिबाउंड काढले होते. खेळ संपल्यावर तो लास व्हेगास भागात मोटारी विकत होता. मित्राच्या घरी गेला असता मित्राच्या मुलानं त्याला गेममधला एक जुना संघ दाखवला. तोच संघ, तीच ३१ क्रमांकाची जर्सी, तसंच टक्कल, डावखुरा नेम. नाव तेवढं नव्हतं. जुलै २००९ मध्ये त्यानं एनसीएएविरुद्ध दावा लावला. दोनच महिने आधी सॅम केलर या फुटबॉल खेळाडूनं तसाच दावा केला होता.

ओबॅननच्या दाव्यावर न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांचा निकाल ऑगस्ट २०१४ मध्ये लागला: खेळाडूंना मोबदला नाकारणारे नियम स्पर्धा कायद्याचा भंग करतात. याखेरीज ईए, विद्यापीठांचे परवाने देणारी कंपनी आणि एनसीएए यांनी तडजोडीत मिळून ६ कोटी डॉलर मोजले. वीस हजारांहून जास्त खेळाडूंना सरासरी सुमारे १,६०० डॉलर मिळाले. तोवर बास्केटबॉलचा गेम बंद पडून चार वर्षं उलटली होती. खटल्यांनी प्रत्यक्षात अडवला तो चांगला खपणारा फुटबॉलचा गेम. जुलै २०१३ च्या ‘एनसीएए फुटबॉल १४’नंतर तो थांबला. बास्केटबॉलसाठी खटल्यांचा अर्थ एवढाच, की आधीच मिटलेलं दार आता सहज उघडणार नव्हतं.

मधल्या काळात चाहत्यांनी हार मानली नाही. ‘२के८’च्या जुन्या डिस्कवर नव्या हंगामांचे संघ चढवण्याचा उद्योग वर्षानुवर्षं चालू राहिला. ‘एनबीए २के१६’मध्ये मोजकी विद्यापीठं आली, तीही नायकाच्या कारकिर्दीतला एक टप्पा म्हणून.

दार उघडलं ते १ जुलै २०२१ रोजी, नाव आणि चेहऱ्यावर कमाई करण्याची परवानगी खेळाडूंना मिळाली तेव्हा. जुलै २०२४ मध्ये ईएचा ‘कॉलेज फुटबॉल २५’ आला. गेममध्ये नाव आणि चेहरा वापरायला होकार देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. दहा हजारांहून जास्त खेळाडूंनी होकार दिला. ६ जून २०२५ रोजी विल्किन यांनीच आणखी एका तडजोडीला मान्यता दिली आणि विद्यापीठांना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस ईएनं कॉलेज बास्केटबॉल परत आणत असल्याची झलक दाखवली.

नव्या गेममध्ये खरी नावं असतील. पण ज्या ‘लेगसी’वर चाहते भाळले होते, ती चार वर्षं एकाच कॉलेजात टिकणाऱ्या पोरांवर उभी होती. आता हंगाम संपताच खेळाडू कॉलेज बदलण्यासाठीच्या ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच जर्सीत दिसतात. प्रशिक्षकाला फोन आणि भेटींच्या जोडीला पगाराचा हिशेबही मांडावा लागतो. हे सारं पडद्यावर खेळण्याजोगं कसं करायचं, हे कोडं १९९२ पासून आजवर कॉलेज बास्केटबॉलच्या गेमसाठी कुठल्याच कंपनीला सोडवावं लागलं नव्हतं.